खिडकीजवळची खुर्ची

वाचायला सुरुवात करण्यापूर्वी ते उपरण्याच्या टोकाने चष्मा पुसत, एकदा खाकरत, आणि वर्तमानपत्रावरची नजर न उचलता विचारत, "ऐकू येतंय ना?"

खोलीत बसलेली मंडळी त्यांच्यापासून हातभर अंतरावर असत. बहुतेक सगळे दरबारचे पेन्शनर, पण बहिरा त्यांच्यात एकही नव्हता. आणि यांचा आवाज असा, की त्यांनी गव्हाचे भाव वाचले तर दाना ओली या धान्यबाजाराच्या गल्लीच्या दुसऱ्या टोकाचा आडत्या मान वर करून ऐके. मग हा प्रश्न कुणाला? मंडळींपैकी कुणीतरी "येतंय, येतंय, चला पुढं" म्हणे आणि वाचन सुरू होई. पण प्रश्न मंडळींना नव्हताच. तो मला होता. मी खिडकीबाहेर, गल्लीतल्या दगडी पायरीवर बसलेला असे.

ग्वाल्हेरला लष्कर भागात, दाना ओलीत, मराठी मंडळींचं एक वाचनालय आहे. ते तिथले चिटणीस. दरबारच्या कचेरीतून निवृत्त झालेले, विधुर, एकटे. मी त्यांना चिटणीससाहेब म्हणत असे, आणि ते मला "कॉलेजवाले" म्हणत. माझं नाव त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते कधी उच्चारलं नाही. तेव्हा मला वाटे, हा एक प्रकारचा मान आहे.

आम्ही जातीने चांभार. आमची माणसं पूर्वी केव्हातरी फौजेबरोबर दख्खनेतून इकडे आली. वडील रिसाल्यातल्या घोड्यांचे तंग आणि लगाम शिवतात. घरात अक्षर ओळखणारा मी पहिला, आणि कॉलेजात जाणारा तर सगळ्या वस्तीत पहिला. कॉलेजात मला वर्गात बसता येतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आमच्या घरी मराठी बोलतात ती अर्धी हिंदी, आणि मला मराठी घेऊन परीक्षा द्यायची होती. मराठी ग्रंथ, पुण्याहून येणारी वर्तमानपत्रं, हे सारं त्या वाचनालयात. आत एक लांब टेबल, वर विजेचा दिवा, आणि भिंतीला काचेची कपाटं. आत सभासदांनाच प्रवेश. तसा कुठे नियम लिहिलेला नव्हता की अमक्याने सभासद होऊ नये. लिहिण्याची गरजच कुणाला पडली नव्हती.

पहिल्यांदा मी पायरीवर बसलो तो नुसता दम खायला. आतून वाचनाचा आवाज आला आणि मी उठायचं विसरलो. दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशी गेलो. एका संध्याकाळी त्यांनी गजांतून मला पाहिलं. मी उठू लागलो. ते पुढं वाचत राहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांची खुर्ची दिव्याखालून हलली आणि खिडकीला चिकटून बसली.

ही गोष्ट मंडळींना अजिबात आवडली नाही. दिवा खोलीच्या मधोमध, आणि हे कोपऱ्यात कागद डोळ्यांशी धरून वाचताहेत.

"अहो, दिव्याखाली बसा की. डोळे जातील," एक जुने सुभेदार म्हणत. त्यांच्याच हाती वाचनालयाचा कारभार होता.

"मला इथं बरं दिसतं."

"निदान खिडकी तरी लावा. हिवाळ्याचे दिवस, गार वारा येतोय."

"वारा लागला की माझा घसा मोकळा राहतो," ते म्हणत आणि एकही अक्षर न गाळता पुढचा मजकूर वाचू लागत.

ते सगळं वाचत. व्हाइसरॉयचं निवेदन ज्या गांभीर्याने वाचत, त्याच गांभीर्याने शक्तिवर्धक गोळ्यांची जाहिरातही वाचत. "अशक्तपणा, विस्मरण आणि निरुत्साह यांवर रामबाण उपाय" हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं की मंडळी आपापल्या विस्मरणाच्या विचाराने उगीच गंभीर होत. युरोपात कुठे लढाईची चिन्हं दिसू लागली की टांगेवाले गल्लीत टांगा थांबवून ओरडत, "पंडितजी, आज क्या खबर?" मग ते बातमीचा सारांश खास हिंदीत देत. त्यांची हिंदी फार मजेदार होती. क्रियापद हिंदी, बाकी सगळं पुणेरी. टांगेवाले तरीही समाधानाने घोडा हाकत.

मधूनच ते एखाद्या कठीण शब्दाचा अर्थ सांगत. "वसाहतीचं स्वराज्य, म्हणजे काय, की..." असं सुरू झालं की सुभेदार वैतागत.

"चिटणीस, आम्ही काय बिगरीत आहोत?"

"उजळणी असावी, सुभेदारसाहेब."

तो अर्थ मी पायरीवर टिपून घेई. कॉलेजात आमचे मराठीचे प्राध्यापक एकदा म्हणाले, "तुझे उच्चार फार स्वच्छ आहेत. कुठं शिकलास?" खिडकीपाशी शिकलो, असं कसं सांगणार?

एका संध्याकाळी त्यांनी एक बातमी वाचली. कुठल्याशा गावात सार्वजनिक विहीर सर्व जातींना मोकळी झाली होती. बातमी लहानशी, कोपऱ्यातली. त्यांनी ती एकदा वाचली, थांबले, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली. दुसऱ्या वेळी त्यांचा आवाज हलला. मग सुभेदार म्हणाले, "पुढं वाचा." त्यांनी पुढे गव्हाचे भाव वाचले.

माझ्या अंगावर काटा आला होता. मी त्याच आठवड्यात सभासदत्वाचा अर्ज लिहिला.

वाचनालयाची पद्धत अशी होती की वार्षिक सभेत एका जुन्या सभासदाने उभं राहून म्हणायचं, "यांना सभासद करून घ्यावं अशी मी सूचना मांडतो." एवढं एकच वाक्य. सूचना मांडली की मग तिच्यावर होकार, नकार, भांडण, काय व्हायचं ते होई. पण आधी ते वाक्य कुणीतरी बोलायला हवं. मी अर्ज खिडकीतून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, घडी केली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

"आपण सूचना मांडाल ना?" मी विचारलं.

"बघतो."

"म्हणजे मांडाल?"

"कॉलेजवाले, बघतो म्हटलं ना. वेळ पाहून बोलावं लागतं."

त्यानंतर काही दिवसांनी ते मला फुलबागेत भेटले. संध्याकाळी फिरायला आले होते. एकटे होते, म्हणून मोकळे होते. मला शेजारून चालू दिलं. म्हणाले, "तुमचं म्हणणं शंभर हिश्शांनी रास्त आहे. मला स्वतःला विटाळबिटाळ काही वाटत नाही. सुभेदाराला मी पुरता ओळखतो, त्याला फक्त कुणीतरी तोंडावर सांगायला हवं." बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. माळ्याने वळून पाहिलं. मला वाटलं, झालं, आता माझं काम झालं.

तेवढ्यात समोरून वाचनालयातले दोन सभासद आले. चिटणीससाहेबांची चाल एकदम वाढली. मी दोन पावलं मागे पडलो, की त्यांनी मला मागे पाडलं, मला नक्की सांगता येणार नाही. ते त्या दोघांना म्हणत होते, "यंदा थंडी जास्तच पडणार, नाही का?"

मी हे घरी सांगितलं तेव्हा वडील लगाम शिवत होते. म्हणाले, "मोठ्या माणसांना चारचौघांत जपून राहावं लागतं. तू चिंता करू नको. इतक्या जोरानं पढणारा माणूस एक वाक्य नाही बोलणार होय?"

सभेच्या दिवशी वडीलही माझ्याबरोबर आले. धुतलेला फेटा बांधून. पायरीवर बसले नाहीत, समोरच्या बंद दुकानाच्या भिंतीला टेकून उभे राहिले. खिडकी उघडी होती. खुर्ची मात्र त्या दिवशी टेबलाशी, अध्यक्षांच्या उजव्या हाताला होती. अध्यक्ष अर्थात सुभेदारच.

चिटणीससाहेबांनी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं. नवी कपाटं, दिव्याचा खर्च, सगळं खणखणीत. मग सुभेदारांनी माझा अर्ज हातात घेतला. माझं नाव वाचलं, वडिलांचं नाव वाचलं. रागाने नव्हे, अगदी सरळ. मग विचारलं, "या अर्जाला सूचक कोण?"

आत कुणी खोकलं. एक खुर्ची करकरली. मी गज धरून उभा होतो. मला फक्त चिटणीससाहेबांची पाठ दिसत होती. त्यांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, पुन्हा लावला. मला ती खूण ठाऊक होती. आता ते खाकरणार, आणि मग बोलणार. ते खाकरलेसुद्धा.

"कुणी नाही?" सुभेदार म्हणाले. "बरं. चिटणीस, लिहा."

त्यांनी लिहिलं. आणि लिहिलेलं वाचून दाखवायची पद्धत होती म्हणून वाचून दाखवलं. "सूचक नसल्यामुळे अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला." त्याच आवाजात. प्रत्येक अक्षर सुटं, स्वच्छ, गल्लीच्या टोकापर्यंत पोचेल असं.

कुणी विरोध केला नव्हता, हे लक्षात घ्या. विरोध झाला असता तर मला भांडता आलं असतं. पुढच्या वर्षी येतो म्हणता आलं असतं. सुभेदारांशी काय बोलायचं ते मी मनात कितीदा घोकलं होतं. पण इथे भांडायला समोर कुणीच नव्हतं. होता तो माझ्या बाजूचा माणूस, आणि तो गप्प होता.

घरी परतताना बाड्याच्या चौकापाशी आलो तेव्हा वडील म्हणाले, "आवाज मात्र चांगला आहे त्यांचा."

दुसऱ्या दिवशी मी जाणार नव्हतो. तरी पाय तिकडे वळले. खुर्ची पुन्हा खिडकीशी आली होती. चष्मा पुसून झाला, खाकरून झालं.

"ऐकू येतंय ना?"

आजवर या प्रश्नाला मी कधी उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी दिलं.

"नाही."

ते थबकले. मग त्यांनी बातमी वाचायला घेतली, नेहमीपेक्षा मोठ्याने. एक वाक्य झाल्यावर पुन्हा विचारलं, "आता?"

"नाही येत," मी म्हणालो. "आत आल्याशिवाय नाही येणार."

"कोण आहे हो बाहेर?" सुभेदारांनी विचारलं.

चिटणीससाहेबांनी खिडकीकडे पाहिलं. आमच्यात एका गजाचं अंतर होतं. त्यांचे डोळे पाण्याने भरले होते, हे मी रागातही पाहिलं, आणि म्हणून राग आणखी वाढला.

"कोणी नाही," ते म्हणाले. "मी वाचतो पुढं."

त्यांनी गव्हाचे भाव वाचले, आणि आपण ते वाचले आहेत हे विसरून पुन्हा वाचले. कुणी त्यांना टोकलं नाही. मी पायरीवरून उठलो.

त्यानंतर मी तिकडे गेलो नाही. एका ओळखीच्या टांगेवाल्याने मला एकदा सांगितलं, "पंडितजी रोज वहीं बैठते हैं, खिड़की पे." मग या माघात ते न्यूमोनियाने वारले. टांगेवाल्यानेच सांगितलं. मंडळी म्हणत होती म्हणे की खिडकीतला वारा बाधला.

मी त्यांच्याबद्दल पुष्कळ विचार केला आहे आणि मला काही ठरवता आलेलं नाही. त्यांना भित्रा म्हणावं तर एवढी थंडी, एवढे टोमणे त्यांनी माझ्यासाठी सोसले. भला म्हणावं तर ते न बोललेलं एक वाक्य आठवतं. तुम्हीही असं माणूस पाहिलं असेल. एकांतात आपलं, चारचौघांत परकं. अशा माणसावर धड रागावता येत नाही आणि रागावल्याशिवाय राहवतही नाही.

परवा संध्याकाळी मी मुद्दाम दाना ओलीतून गेलो. पायरी तशीच होती. आत कुणीतरी दिव्याखाली बसून वाचत होतं. नुसती पुटपुट. मी गजांपाशी उभा राहिलो आणि म्हणालो, "जरा मोठ्यानं वाचा. इथं ऐकू येत नाही."

माझा आवाज मला ओळखीचा वाटला. अक्षर सुटं, स्वच्छ.

पुटपुट थांबली. "कोण आहे?" आतून सुभेदारांनी विचारलं.

मी माझं नाव सांगितलं. वडिलांचं सांगितलं, वस्तीचं सांगितलं. आत कुणीतरी उठलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पावलं खिडकीकडे येऊ लागली, आणि क्षणभर मला उगीचच वाटलं की कुणी खुर्ची घेऊन येतंय.

खिडकी लागली. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

त्यांच्या वेळी, एवढं मात्र मला म्हटलंच पाहिजे, ती खिडकी माघाच्या थंडीतही कधी लागली नव्हती.