बिनब्रेकच्या गाड्यांचे रविवार

फोन पूर्वाचा होता. रविवारची सकाळ, सव्वासात वाजलेले. मी सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर रिक्षाची वाट बघत उभा होतो, हातात गरम जिलेबीचा पुडा. भाचीचं नाव बघूनच मी ओरडलो, "ए, निकाल सांगायचा नाही हं! निघालोय मी, पोचतोच." पलीकडून काहीच आवाज नाही. मला वाटलं, हिला हसू आवरत नसणार, रात्री चोरून बघितलं असणार हिने. "पूर्वा, एक शब्द जरी बोललीस ना, तर..." तेव्हा ती म्हणाली, "मामा, पप्पा गेले. पहाटे. झोपेतच..."

कुणाच्या मृत्यूच्या बातमीला असं उत्तर कुणी दिलं नसेल. पण हरेश्वर भावोजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, यांना हे कळलं असतं तर ते पोट धरून हसले असते, याची मला खात्री आहे. उलट मी विचारलं असतं, "काय झालं गं?" तर तेच चिडले असते. शर्यतीनंतरच्या रविवारी फोन उचलून "काय झालं" असं विचारायचं नाही, हा त्यांच्या घरातला पहिला नियम.

शर्यत कसली, तेही सांगतो. स्पीडवे. मोटारसायकलींची आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा. अंडाकृती मातीची धावपट्टी, चार स्वार, चार फेऱ्या, सगळं मिळून मिनिटभराचा खेळ. गाडीला गिअर एकच आणि ब्रेक नाहीच. वळणावर हॅन्डल उजवीकडे फिरवायचं, गाडी माती उडवत आडवी घसरत डावीकडे जाते, आणि स्वार डाव्या पायातला लोखंडी तळाचा बूट जमिनीवर टेकवून तिला सावरतो. आपल्याकडे हा खेळ फारसा कुणाला ठाऊक नाही. भाईंदर पश्चिमेतल्या एका आगरी घरात तो पोचला तो भावोजींच्या बोटीमुळे. गॅरेज काढण्याआधी ते जहाजावर फिटर होते. एकदा त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी पोलंडच्या एका बंदरात दीड महिना अडकलं, आणि गोदीतल्या कामगारांनी एका शनिवारी त्यांना स्टेडियमवर नेलं. भाषा कळत नव्हती, पण ब्रेक नसलेली गाडी कळली. आयुष्यभर लोकांचे ब्रेक दुरुस्त करायला निघालेला माणूस बिनब्रेकच्या गाडीवर भाळला, असं मी त्यांना नेहमी चिडवायचो. त्यावर ते म्हणत, "मास्तर, तू शाळेत शिकव. हे तुझ्या डोक्याभायेरचं हाय."

ते डोक्यात शिरावं म्हणून त्यांनी एकदा प्रात्यक्षिकही केलं. वय वर्षं अठ्ठावन्न. काशीमीऱ्याच्या गॅरेजमधून एक जुनी बाईक आणली आणि मला घेऊन गेले थेट पडीक मिठागरात, जिथे त्यांच्या वडिलांनी मीठ ओढलं होतं. "बग आता," म्हणाले. पहिला फेरा झकास. दुसऱ्या फेऱ्यात हॅन्डल उजवीकडे गेलं, गाडी डावीकडे गेली आणि भावोजी सरळ पुढे गेले. उठले तेव्हा डोक्यापासून गुडघ्यापर्यंत करड्या चिखलात. मी घाबरून धावलो, तर हा माणूस विचारतोय, "घसरली ना पण? बरोबर घसरली ना?" ताईने त्यांना दारातूनच थेट न्हाणीत पाठवलं आणि आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, जसं काही मीच ढकललं होतं.

शर्यती तिकडे शनिवारी संध्याकाळी होतात, एका संध्याकाळी अशा वीस-बावीस, आणि मोसमभराच्या गुणांवर अजिंक्यपद ठरतं. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटते. भावोजी नऊला झोपणारे. म्हणून पूर्वा रेकॉर्डिंग लावून ठेवायची आणि रविवारी सकाळी आम्ही चौघं टीव्हीपुढे बसायचो. भावोजी, ताई, पूर्वा आणि मी. प्रत्येक शर्यतीत चार स्वारांच्या डोक्यावर चार रंगांची हेल्मेटं असतात: लाल, निळं, पांढरं, पिवळं. भावोजींनी त्याच रंगांची बाटल्यांची चार झाकणं एका डब्यात ठेवली होती. दर शर्यतीआधी प्रत्येकाने न बघता एक झाकण काढायचं. ज्याचा रंग शेवटचा येईल, त्याने रविवारच्या कालवणाची पाच कोळंबी सोलायची. सगळ्या शर्यती संपेपर्यंत बाजारातून आणलेला कोळंबीचा वाटा सोलून तयार. एका रविवारी नशीब असं फिरलं की जवळजवळ अख्खा वाटा मी एकट्याने सोलला आणि सोमवारी वर्गात मुलं नाक धरून बसली. स्वारांची परदेशी नावं ताईच्या तोंडात बसत नसत, म्हणून तिने सगळ्यांचं बारसं केलं होतं. एक लंबू, एक रडका, एक नवरदेव. आणि भावोजींचा लाडका तो म्हातारा. चाळिशी ओलांडलेला, हाडं मोडून घेतलेला, वर्षानुवर्षं खेळूनही अजिंक्यपद न मिळालेला.

या सगळ्यात धोका एकच होता, गॅरेजमधले त्यांचे भागीदार असलमभाई. ते मोबाइलवर रात्रीच सगळं बघायचे आणि त्यांच्या पोटात काही राहायचं नाही. म्हणून रविवारी दुपारपर्यंत त्यांचा फोन उचलायला बंदी. एकदा जिन्यात भेटून ते नुसतं म्हणाले, "कल तो कमाल हो गया," तर भावोजी त्यांच्यावर इतके भडकले की शेजारची दारं उघडली. माझीही फारशी पत नव्हती. एकदा मी निकाल वाचून आलो होतो आणि तोंडावर काहीच दाखवलं नाही असं मला वाटत होतं. तिसऱ्या शर्यतीला भावोजींनी टीव्ही थांबवला आणि म्हणाले, "मास्तर, तुझा चेहरा म्हंजे छापील पेपर हाय. जा, गॅलरीत बस."

आणि गेल्या मोसमाच्या शेवटी नेमकं या छापील पेपरवर काम पडलं. भावोजींचं वजन उतरत होतं, तपासण्या झाल्या होत्या, आणि मोठा रिपोर्ट शेवटच्या शर्यतीच्या शनिवारी मिळणार होता. त्या वर्षी म्हातारा फक्त दोन गुणांनी मागे होता. भावोजींनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "रिपोर्ट कोनीपन आना. पन मना रविवारी शर्यत झाल्याबिगर सांगायचा न्हाय. आधी म्हातारा, मग मी." रिपोर्ट आणायला गेलो मी. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. यकृताला गाठ होती, आणि ती काढण्यापलीकडे पसरली होती. ताईलाही मी काही बोललो नाही. त्या रात्री आरशासमोर उभं राहून मी चेहरा सरळ ठेवायचा सराव केला. हसू नका, खरंच केला.

रविवारी टीव्ही सुरू झाला. मी ठरवलं होतं, वर बघायचंच नाही. माझं झाकण काढून बाजूला ठेवलं, कोळंबीचं ताट मांडीवर घेतलं आणि मान खाली घालून सोलत बसलो. डोकं मोड, साल काढ, काळा दोरा ओढ. वरून आवाज येत होता, ताई लंबूला शिव्या घालत होती, भावोजी मांडीवर थाप मारत होते. "अरे बाहेरून घे, बाहेरून!" मला फक्त ताट दिसत होतं. शेवटच्या शर्यतीला सगळे उभे राहिले, तेव्हा मात्र मीही वर बघितलं. म्हातारा तिसऱ्या फेरीपर्यंत तिसरा होता. शेवटच्या वळणावर त्याने कुंपणाला चिकटून अशी काही गाडी काढली की भावोजी थेट टीव्हीपर्यंत पोचले. पण पुढचा थोडक्यात निसटला. म्हातारा दुसरा. अजिंक्यपद गेलं. मला वाटलं, आता यांना दोन दुःखं एकदम द्यायची... भावोजी मात्र टाळ्या वाजवत होते. "काय चालवली! काय चालवली रे मेल्याने!" पडद्यावर तो म्हातारा हेल्मेट काढून जिंकणाऱ्याला मिठी मारत होता, आणि भावोजींचा चेहरा असा फुललेला होता, जसं काही तेच धावपट्टीवरून उतरले होते.

मग त्यांनी टीव्ही बंद केला, माझ्याकडे वळले. "हं, आता बोल. वाईट हाय ना?"

मी मान हलवली. ताईने तोंडाला पदर लावला. मी विचारलं, "भावोजी, तुम्हाला कधी कळलं?"

"पैल्याच शर्यतीला. तुझा लाल पैला आला, नि तू कोळंबी सोलत बसलेला."

"मग तेव्हाच का नाही विचारलंत?"

"शर्यत चालू होती ना," ते म्हणाले, अगदी सहज. मग ताटाकडे बघून पूर्वाला म्हणाले, "मामानं सगली सोलली बग. आज तिखट जास्त टाक."

त्या दिवशी ते भरपूर जेवले. त्यानंतर जवळजवळ आठ महिने होते. औषधं होती, दुखणं होतं, ते मी लिहीत नाही, कारण त्यांनी ते कुणाला फार बघू दिलं नाही. नवा मोसम सुरू झाला. पहिली शर्यत त्यांनी उशीला टेकून बघितली, दुसरीला झाकण काढायला हात पुढे करायचे आणि झोपून जायचे. तिसरीच्या रात्री ते गेले. मला त्यांची फार आठवण येते. एकोणतीस वर्षं मी त्यांची थट्टा केली आणि त्यांनी माझी, आणि आता काही गंमत घडली की सांगायला माणूस नाही.

त्या तिसऱ्या शर्यतीचं रेकॉर्डिंग तसंच पडून होतं. आमच्यापैकी कुणी त्याचं नावही काढलं नाही. पुढच्या शर्यतींचं रेकॉर्डिंग पूर्वाने लावलंच नाही. मी मनात धरून चाललो होतो की हा खेळ भावोजींबरोबर संपला.

गेल्या गुरुवारी असलमभाई ताईला भेटायला घरी आले. मीही तिथे होतो. गावाहून आंबे आले होते, ते त्यांनी भावोजींच्या फोटोपुढे ठेवले. मग डोळे पुसून म्हणाले, "भाभी, एक बात दिल में रह गई. उस रात की रेस अगर भाई देख लेते ना, तो उनका वो बुड्ढा..."

ताई ताडकन उठली. दोन्ही हात कानांवर. "बोलू नको! भाई, एक शब्द नहीं! हमने अभी तक देखा नहीं है. रविवार को बैठने वाले हैं."

मी पूर्वाकडे बघितलं, पूर्वाने माझ्याकडे. आम्हाला दोघांनाही हे आत्ताच कळत होतं. असलमभाई गडबडले. "माफ करो भाभी, नहीं बोलता. लेकिन देखना, मज़ा आएगा."

"अरे, इतना भी नहीं बोलने का!" ताई एवढ्या जोरात ओरडली की शेजारचं दार उघडलं.

पाच आठवड्यांत त्या घरात पहिल्यांदाच कुणाचा आवाज चढला होता.