मामंजींचा कापलेला सीन

आमच्या मामंजींनी एका मराठी सिनेमात काम केलं आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरी येणाऱ्या कुठल्याही माणसाला चहाच्या आधी हेच सांगितलं जातं. मामंजी म्हणजे माझे सासरे. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दुष्काळी माण तालुक्यातल्या आपल्या गावी येऊन राहिले. मी आणि माझा नवरा नोकरीमुळे सांगलीत. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. सिनेमाशी माझा संबंध म्हणाल तर महिन्या-दोन महिन्यांतून एखादा बघायचा, आवडला तर आवडला म्हणायचं, एवढाच. पण या एका सिनेमाने मला इतकं पिडलं आहे की त्याची छोटी आवृत्ती आणि लांब आवृत्ती, दोन्ही मला आता झोपेतून उठवलं तरी सांगता येतील.

त्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही गावी होतो, तेव्हाच शूटिंगची मंडळी आली. गोष्ट एका शहरातल्या मुलाची, जो आपल्या हरवलेल्या बापाला शोधत डोंगरात हिंडतो. उघडे-बोडके डोंगर आमच्याकडे हवे तेवढे, म्हणून गाव निवडलेलं. दिग्दर्शक चाळिशीचा, हळू बोलणारा, सतत हवेत हाताची चौकट करून बघणारा. मामंजी देवळापुढच्या कट्ट्यावर बसले होते. तो त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, यांच्या चेहऱ्यावर अख्खा डोंगर आहे. हे सासूबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "डोंगर कसला, दाढी करायचा कटाळा हाय तो."

मामंजींना मेंढपाळाचं काम मिळालं. मेंढरं शेजारच्या वस्तीवरून आणली, घोंगडी आमच्या घरातली. तहानलेला नायक डोंगर चढून येतो, पाणी विचारतो आणि मेंढपाळ एकच वाक्य बोलतो: "पाणी डोंगरात नसतं, पोरा. पाणी माणसात असतं." आदल्या रात्री मामंजींनी ते घोकून घोकून पाठ केलं होतं. पण कॅमेरा सुरू झाला की त्यांची जीभ घसरायची. "पाणी माणात असतं," असं ते पहिल्यांदा म्हणाले आणि बघायला जमलेलं सगळं गाव फिदीफिदी हसलं. माणात पाणी असतं तर काय पाहिजे होतं. दुसऱ्यांदा 'मनात' झालं, तिसऱ्यांदा 'मानात'. ऊन वाढत चाललं, मेंढरं पांगली. शेवटी मामंजी वैतागले आणि आपल्या कवायतीच्या आवाजात त्या नायकाला म्हणाले, "पाणी? आरं गड्या, हितं पाणी असतं तर ही मेंढरं घिऊन मी असा हिंडलो असतो व्हय?" आणि मग आपल्याजवळची बाटली त्याच्यापुढं धरून म्हणाले, "घे. दोनच घोट पी, मला परत जायाचं हाय."

दिग्दर्शक धावत आला आणि त्यांना मिठी मारली. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. म्हणाला, आजोबा, हे लिहून जमलं नसतं. त्या दिवसापासून आमच्या घरात 'पिक्चर कवा येणार' याखेरीज दुसरा विषय राहिला नाही.

पिक्चर आला. गावातून एक जीप भरून मंडळी साताऱ्याला निघाली, आम्ही सांगलीहून गेलो. मामंजींनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. नायक डोंगर चढू लागला तशी आमची अख्खी रांग खुर्चीच्या कडेला सरकली. तो वर पोचला, कपाळाचा घाम पुसला. मग पडद्यावर घोंगडी घेतलेला एक माणूस पाठमोरा मेंढरांमागून उतारावर जाताना दिसला. आणि लगेच नायक एका देवळाच्या पायरीवर बसलेला. पुढे गोष्ट कुठल्या कुठे गेली. सिनेमा संपला, नावं वर सरकायला लागली, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "आवं, तुमी कवा येणार?"

नावांच्या शेवटी 'समस्त ग्रामस्थांचे आभार' असं आलं, तेवढं मामंजींनी उभं राहून वाचलं. मला मात्र एक गोष्ट मनातल्या मनात मान्य करावी लागली, आणि ती सांगायची सोय नव्हती: सिनेमा चांगला होता. दोन तासांच्या आत संपला, कुठे रेंगाळला नाही, आणि शेवटी माझ्या डोळ्यांत पाणीही आलं होतं.

यावर पडदा पडला असता. पण दोनेक वर्षांनी त्या दिग्दर्शकाने कुठल्याशा मुलाखतीत सांगितलं की थिएटरमध्ये आलेला सिनेमा त्याचा नव्हताच. निर्मात्यांनी कात्री लावली. खरा सिनेमा आता येतोय, त्याच्या मनातला, पूर्ण, एका ओटीटीवर. आमच्या एका पुतण्याने ही बातमी मामंजींना पाठवली. मामंजी तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सासूबाईंसह आमच्याकडे सांगलीत मुक्कामाला. एक डोळा झाला होता, दुसरा व्हायचा होता, डॉक्टरांनी टीव्ही बेताने बघा म्हणून बजावलं होतं. मामंजी म्हणाले, एका डोळ्यानं बघतो.

त्या ओटीटीचे पैसे भरले, रविवारी दुपारी सगळे टीव्हीपुढे बसलो. सव्वातीन तासांचा सिनेमा. छोट्या आवृत्तीत नायक बूट घालून घराबाहेर पडतो. लांब आवृत्तीत तो बूट घालतो, नाडी बांधतो, ती सुटते, पुन्हा बांधतो, मग खिडकीतून बघतो, खिडकीबाहेर काही नसतं. मुंग्यांची एक रांग होती, ती संपेचना. वारा होता. वाऱ्यात हलणारं गवत होतं. बाप मेला आहे हे छोट्या आवृत्तीत न सांगता कळलं होतं आणि म्हणून काळजाला लागलं होतं. इथे एक म्हातारी बाई येऊन ते समजावून सांगते, आणि ती गेल्यावर तेच नायक स्वतःशी पुन्हा बोलतो. माझा नवरा गाडीत हवा भरून येतो म्हणून उठला तो संध्याकाळीच उगवला. सासूबाई सोफ्यावर झोपल्या. मला प्रयोगवह्या तपासायच्या होत्या. मी मांडीवर एक घेतली, पण मामंजींनी ती हाताने खूण करून खाली ठेवायला लावली.

आणि मग ते आले. पडदाभर चेहरा. सुरकुती न सुरकुती दिसत होती. मी सासूबाईंना हलवून उठवलं. नायकाने पाणी विचारलं. मामंजींचे ओठ हलले, आणि टीव्हीतून रेडिओवरच्या जाहिरातीसारखा एक गोड, खर्जातला आवाज आला: "पाणी डोंगरात नसतं, पोरा. पाणी माणसात असतं."

वाक्य संपलं तरी ओठ हलतच होते. त्यांचं खरं बोलणं लांब होतं ना. मग हात पुढे झाला, बाटली दिली, आणि 'दोनच घोट'च्या जागी बासरी वाजली.

सासूबाई म्हणाल्या, "ह्यो कोन बोलला?"

मामंजींना वाटलं टीव्हीत बिघाड आहे. मी पुन्हा लावलं, तेच. मग त्यांच्या मनाने घेतलं की मोबाइलवर वेगळं येत असेल. मोबाइलवर लावलं. मग म्हणाले, जुना पिक्चर आणि हा एकदम लाव, जुन्यात कुठंतरी मागून माझा आवाज असेल. तेव्हापासून आठवडाभर रोज संध्याकाळी कॉलेजातून आले की टीव्हीवर लांब आवृत्ती आणि लॅपटॉपवर छोटी, शेजारी शेजारी. इकडे डोंगर, तिकडे डोंगर. हे थांबव, ते पुढं घे. कुकरच्या शिट्ट्या होताहेत, डोळ्यात औषध घालायची वेळ झाली आहे, आणि मी एका हातात रिमोट आणि एका हातात माऊस धरून मेंढरं जुळवते आहे. एका संध्याकाळी मी न राहवून म्हणाले की मामंजी, कात्री लावणारा माणूसच शहाणा होता, छोटा सिनेमाच बरा आहे. ते माझ्याकडे औषध घातलेल्या डोळ्याने बघत म्हणाले, "तू कुनाच्या बाजूची हायस?"

शेवटी मी त्या सिनेमाच्या सहायक दिग्दर्शिकेला फोन लावला. शूटिंगच्या वेळी ही मुलगी रोज आमच्या ओसरीवर जेवायला असायची, सासूबाईंनी तिचा नंबर ठेवला होता. मी सरळच विचारलं. ती बिचारी अडखळत म्हणाली की त्या दिवशी डोंगरावर वारा फार होता, आवाज खराब आला होता, म्हणून स्टुडिओत दुसऱ्याकडून बोलून घेतला. मी म्हटलं, मग मामंजींनाच बोलवायचं, ते पायी आले असते. आणि बोलून घ्यायचं तर ते जे बोलले तेच का नाही घेतलं?

ती म्हणाली, "ते लिहिलेलं वाक्य सरांचं फार आवडतं होतं. निर्मात्यांनी तेच काढायला लावलं म्हणून सर चिडले होते. खरं सांगू का, त्या वाक्यासाठीच त्यांनी तो सीन परत सिनेमात घातला."

म्हणजे मिठी मारून झाली, लिहून जमलं नसतं म्हणून झालं, आणि शेवटी परत आलं ते दिग्दर्शकाने स्वतः लिहिलेलंच. मामंजींचं वाक्य निर्मात्याने कापलंच नव्हतं. ते कापलं होतं दिग्दर्शकाने, आणि तेही आपल्या मनातल्या पूर्ण सिनेमात. मी तिला म्हटलं, "मग चेहराही दुसऱ्याचाच घ्यायचा होता." ती सॉरी म्हणाली आणि लगेच विचारलं, आजींचे गुडघे आता कसे आहेत. अशा माणसावर धड रागावताही येत नाही.

मामंजींना मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते चिडतील अशी माझी तयारी होती. ते नुसतं म्हणाले, "वारं व्हतं खरं त्या दिवशी." आणि आत जाऊन पडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला छोटा सिनेमा लावायला सांगितला. एकटाच. नायक डोंगर चढला, घाम पुसला, आणि घोंगडीतली ती पाठ मेंढरांमागून उतरू लागली. त्यांनी मला थांबवायला सांगितलं आणि उठून टीव्हीच्या जवळ गेले.

"ह्यात मी हाय," ते म्हणाले. "त्यात दुसराच कोन तरी माजं तोंड लावून बोलतुया."

इथे मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ते फार वेळ टिकू द्यायला मामंजी म्हणजे काही साधे गृहस्थ नव्हेत. दुसरा डोळा झाला, ते गावी गेले, आणि दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पोचायच्या आत त्यांनी ठरवूनही टाकलं होतं की ग्रामपंचायतीच्या हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर सगळ्या गावाला पिक्चर दाखवायचा. छोटा. आणि आपण सांगू तिथे सूनबाई तो थांबवेल.

मी नाही म्हटलं. नवऱ्याने डोळ्यांनी विनवलं, सासूबाई म्हणाल्या, एवढं कर, न्हाईतर घरात सुखानं फराळ करू द्यायचे न्हाईत. संध्याकाळी हॉल भरला. माझ्या मोबाइलच्या नेटवर सिनेमा लावला, आणि मामंजी पुढे भिंतीला टेकून उभे राहिले. ती पाठ दिसली. मी थांबवलं. मामंजी सावधानमध्ये उभे राहिले आणि बोलले, "पाणी? आरं गड्या, हितं पाणी असतं तर ही मेंढरं घिऊन मी असा हिंडलो असतो व्हय?" तो आवाज हॉलच्या पत्र्याला जाऊन थडकला. माणसं मनापासून हसली, दोन-चार टाळ्याही पडल्या. मला वाटलं, चला, झालं.

पण कुठलं. टाळ्या ऐकल्यावर मामंजींनी बाटली कशी दिली ते दाखवलं. मग बाटली कुठून आणली होती ते सांगितलं. मग एक मेंढरू कसं पळालं आणि कुणी धरलं, नायकाचे बूट कसे पायाला लागत होते, दिग्दर्शकाने मिठी कशी मारली. मेंढरू धरणाऱ्याला उभं करून त्याच्याकडून वदवून घेतलं. मी रिमोट धरून ताटकळत उभी. त्या सव्वातीन तासांच्या सिनेमातसुद्धा एवढं काही घातलेलं नव्हतं. अखेर मागून एक बाई म्हणाली, "आवं, आता फुडचं लावा की."

मी बटण दाबलं. पडद्यावर गोल गोल फिरायला लागलं. रेंज गेली होती. मी मोबाइल घेऊन खिडकीशी गेले, दाराशी गेले, पायऱ्यांवर उभी राहिले. माणसं थोडा वेळ बसली आणि मग एकेक करत जेवायला उठून गेली. बाप सापडला की नाही, हे आमच्या अर्ध्या गावाला अजून माहीत नाही.

परतताना मामंजी म्हणाले, कार्यक्रम चांगला झाला, फक्त मी पुढचं लवकर लावायला हवं होतं. नवरा खाली बघून चालत होता, हसू लपवत.

आता मलकापूरला त्यांच्या साडूंनी त्यांना बोलावलं आहे, तिथल्या सोसायटीतल्या लोकांना हे बघायचं म्हणे. परवा मामंजींचा फोन आला होता. मी म्हटलं, मामंजी, त्या आठवड्यात माझ्याकडे पेपर तपासायला असतात, मला जमणार नाही.

ते म्हणाले, "मग पेपर तिकडंच घिऊन ये. थांबवायचं तर हाय नुसतं."