अठरा पायऱ्यांचा दवाखाना

जनावरांच्या दवाखान्यात बारा वर्षं काउंटरवर बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. आमच्या जिन्यावर रोज संध्याकाळी झाडू फिरवला तरी सकाळी कोपऱ्यात केस सापडतातच, तसे ते साचत जातात. झाडते मीच, म्हणून सांगतेही मीच.

दवाखाना सोलापुरात, पहिल्या मजल्यावर. खाली चादरींचं दुकान, त्याच्या शेजारून अरुंद जिना, पायऱ्या अठरा. आजारी जनावरांचा दवाखाना माडीवर कुणी काढतं का, असं प्रत्येक जण एकदा तरी विचारतो. डॉक्टरांना खालची जागा मिळाली नाही, एवढंच त्याचं उत्तर आहे. माझी खुर्ची जिन्याच्या तोंडाशी आहे, त्यामुळे कोण कसं चढलं ते डॉक्टरांच्या आधी मला कळतं. बैठ्या घरांतली आणि मळ्यांतली कितीतरी कुत्री आयुष्यातला पहिला जिना आमच्याकडेच चढली.

*

पुण्याहून सासरी आलेला एक जावई नवंकोरं पिल्लू घेऊन आला. पिल्लू लिफ्टच्या बिल्डिंगमधलं, त्यानं जिना पाहिलेलाच नव्हता. पिल्लं बघून शिकतात, असं या गृहस्थांनी मोबाइलवर वाचलं होतं.

झालं, इस्त्रीच्या पँटीनिशी ते हात-पाय टेकून जिना चढायला लागले. तोंडानं "असं, असं बघ" चालू. पिल्लू खाली बसून शांतपणे बघत होतं. नवव्या पायरीवर साहेबांना दम लागला.

तेवढ्यात सासरे स्कूटर लावून आले. त्यांनी आधी पिल्लाकडे पाहिलं, मग जावयाकडे. पिल्लू काखेत मारलं आणि जावयाच्या शेजारून वर आले. मला म्हणाले, "लिहा ताई. पेशंट दोन."

*

नरसम्मा नावाच्या एक मावशी आहेत. घरात माग, माणसं तेलुगू, कुत्र्याशीही तेलुगूतच बोलणं. पिल्लू चार दिवस काही खात नाही म्हणून घेऊन आल्या. पिल्लू जिना चढेना. मावशींनी पिशवीतून कडक भाकरी काढली आणि प्रत्येक पायरीवर एकेक तुकडा ठेवला.

पिल्लू वर आलं ते पोट टम्म फुगवून. टेबलावर ठेवल्या ठेवल्या सगळं ओकलं. डॉक्टरांनी त्या ढिगाकडे पाहिलं आणि विचारलं, "जेवत नाही म्हणालात ना?"

"घरी जेवत नाही की," मावशी म्हणाल्या.

डॉक्टरांनी कागदावर औषध लिहून दिलं. मी वाचलं तर लिहिलं होतं, 'जिना, दिवसातून दोनदा.' तो कागद मावशींनी मेडिकलच्या दुकानात नेऊन दाखवला, हे मला नंतर कळलं!

*

पण असे हसण्याचे किस्से थोडेच. वर आलेली सगळीच जनावरं आपल्या पायांनी खाली जात नाहीत. काही पोत्यात जातात, आणि पोत्याचं एक टोक बहुतेक वेळा माझ्याच हातात असतं. बारा वर्षांत त्याची सवय झाली असं मी लोकांना सांगते. झालेली नाही.

एका रिटायर्ड शिक्षिकेचं पांढरं कुत्रं आमच्याकडेच दगावलं. त्यानंतर बाई दर गुरुवारी यायच्या आणि चौथ्या पायरीवर बसायच्या. "बसू का जरा?" एवढंच विचारायच्या. मी बसा म्हणायचे. जाणारे-येणारे त्यांना वळसा घालून जायचे, कुरकुरायचे, आणि ती कुरकुर मला ऐकावी लागायची.

एकदा न राहवून मी विचारलं, "बाई, इथंच का?"

"इथपर्यंत तो स्वतः चढायचा. पुढं मी उचलून घ्यायची."

काही गुरुवारांनंतर त्या यायच्या बंद झाल्या. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं. आणि तसं वाटलं याची लाजही वाटली.

*

आता मल्लप्पांचं सांगते. मल्लप्पा दुधनीच्या एका आडतीवर राखणदार. साठी उलटलेली, मागंपुढं कुणी नाही. आडतीच्या टेम्पोतून आपला काळा कुत्रा चादरीत गुंडाळून घेऊन आले. कुत्र्याचं नाव करिया. बारा-तेरा वर्षांचा असेल. मी आणि टेम्पोवाल्यानं चादरीची झोळी करून त्याला वर आणलं.

डॉक्टरांनी तपासलं. किडन्या गेल्या होत्या. "आठ दिवस गोळ्या देऊन बघू," ते म्हणाले. "पुढच्या मंगळवारी आणा. त्रास वाढला असेल तर शेवटचं इंजेक्शन देऊन टाकू. शांत झोपेल."

मल्लप्पांनी करियाला पुन्हा चादरीत गुंडाळलं. बाहेर येऊन बाकावर बसले, करियाचं डोकं मांडीवर घेऊन.

त्याच वेळी एक जोडपं आलं. त्यांना नव्या फ्लॅटमध्ये राहायला जायचं होतं आणि म्हातारं कुत्रं नको होतं. तेच इंजेक्शन मागत होते. कुत्रं चांगलं शेपटी हलवत जिना चढून आलेलं. आमचे डॉक्टर सहसा आवाज चढवत नाहीत, पण त्या दिवशी चढला. "आपल्या पायांनी जिना चढून आलेल्या जनावराला मी ते इंजेक्शन देत नाही. चला, निघा."

जोडपं निघून गेलं. मल्लप्पा दाराकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "अक्का, पायऱ्या किती हायत वो?"

"अठरा."

"लई उंच हायत, न्हाय?"

मला वाटलं, इतरांसारखीच तक्रार करतायत. मी म्हटलं, डॉक्टरांना सांगा. आणि पुढच्या पेशंटचं नाव लिहायला लागले.

*

मंगळवारी मल्लप्पा आले. खालूनच मला हाक मारली. मी चादर घेऊन उतरायला लागले तर त्यांनी हात वर केला. "हात लावू नका अक्का. डाक्टरास्नी भाईर बोलवा. त्यांना बघू द्या."

डॉक्टर बाहेर आले. मल्लप्पांनी करियाला पहिल्या पायरीपाशी उभं केलं आणि स्वतः त्याच्या मागं राहिले. दोन्ही हात त्याच्या पोटाखाली धरलेले, पण अंगाला लावलेले नाहीत. "हत्तु, करिया, हत्तु," म्हणाले. चढ म्हणत होते, कन्नडमध्ये.

करियानं पुढचे पाय टाकले. मागचे ओढून घेतले. थांबला. पुन्हा टाकले. पाठीची हाडं मला वरून मोजता आली असती. एकेका पायरीवर तो इतका वेळ थांबे की मला वाटायचं, आता बसला. बाकावरची माणसं उठून माझ्यामागं येऊन उभी राहिली. एकानंही आपला नंबर विचारला नाही.

अठरावी पायरी चढून तो डॉक्टरांच्या चपलांवर आडवा झाला.

"चढला की, डाक्टर," मल्लप्पा म्हणाले. त्यांनाच धाप लागली होती. "आपल्या पायानं चढला. आमच्या खोलीला जिना न्हाय. आडतीच्या मालकिणीच्या हाता-पाया पडून त्यांच्या माडीच्या जिन्यावर शिकवलं. सकाळ-संध्याकाळ. आता सुई न्हाय न्हवं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरमध्ये मान घातली. त्या दिवशी पायऱ्या कशाला विचारतायत, एवढं जरी मी विचारलं असतं, तरी त्या मुक्या जिवाचे आठ दिवस असे गेले नसते.

डॉक्टर तिथंच फरशीवर मांडी घालून बसले. करियाचं पोट चाचपलं, हिरड्या बघितल्या, पापणी खाली ओढून बघितली. बराच वेळ हात त्याच्या मानेवर ठेवून राहिले.

"चढला," ते शेवटी म्हणाले. "सुई नाही. दुखू नये म्हणून गोळी देतो. घरी घेऊन जा."

मल्लप्पांनी हात जोडले. गोळ्या टोपीत ठेवल्या आणि टोपी डोक्यावर घातली. करिया कसाबसा उठला, जिन्याच्या कडेपर्यंत गेला, खाली बघितलं आणि उभाच राहिला. मी म्हटलं, "चल रे, उतर." तो माझ्याकडे बघायला लागला.

मल्लप्पांनी वाकून त्याला उचललं आणि छातीशी धरलं.

"उतरायचं न्हाय शिकवलं, अक्का," ते म्हणाले. "तेवढे दिवस कुठले त्याच्याकडं."