फ्रीझरवाल्या मावशी

मावशींचा यंत्रांवर काडीचा विश्वास नव्हता. आमच्या प्रयोगशाळेच्या फ्रीझरवर उणे ऐंशीचा लाल आकडा झळकत असे, तरी आत त्यांनी वाटीभर पाणी गोठवून त्या बर्फावर रुपयाचं नाणं ठेवलं होतं. "बत्ती जाऊन परत आली तर हा डिस्प्ले काय सांगणार? नाणं बुडालं की समजायचं, बर्फ वितळला होता."

मावशी म्हणजे आमच्या टेक्निशियन. माहेर अकोल्याचं, नोकरीची तीस वर्षं लखनऊत, घर तिथल्याच वृंदावन योजना वसाहतीत. त्या फ्रीझरात माझी पीएचडी होती. खोल समुद्राचं पाणी जहाजावरच गाळून लगेच गोठवलेल्या गाळणकागदाच्या चकत्या. त्यांवरच्या सूक्ष्म जीवांची तपासणी करून ते तिथे खाली किती ऑक्सिजन वापरतात, हे मला काढायचं होतं. वितळलेल्या चकतीवरूनही आकडा निघतो, पण खोटा. मावशींनी समुद्र कधी पाहिला नव्हता. चकत्यांना मात्र त्या 'पाहुणे' म्हणत आणि पाहुण्यांचे हाल त्यांना खपत नसत.

दसऱ्याला त्या दीक्षाभूमीला, नागपूरला गेल्या. "रोज येऊन बघशील?" मी हो म्हणालो आणि विकास नगरात घरी लोळत पडलो. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्यादेखत फ्रीझर उघडला. बाहेर उणे ऐंशी, आणि नाणं वाटीच्या तळाशी.

खोलीत आम्ही दोघंच होतो. घाबरलो की मी हिंदीत बोलतो. "मावशी, किसी को क्या पता चलेगा? जहाज़ अब दो साल बाद जाएगा."

त्यांनी वाटी टेबलावर ठेवली, रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "काहून रे, मला पता चललं ना? लिही. मी लिहिलं तर ती तक्रार होईल."

मी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. त्या समोर उभ्याच. इतका राग मला कधी कुणाचा आला नव्हता. शेवटी लिहिलं: चकत्या वितळल्या, देखरेख माझ्याकडे होती.

फेलोशिप गेली. लखनऊबाहेर बख्शी का तालाबच्या एका शाळेत शिकवून दोन वर्षं काढली. मावशी निवृत्त होऊन अकोल्याला गेल्या, त्यांच्या निरोप समारंभालाही मी गेलो नाही. रुसलो होतो, दुसरं काय!

पुढे नव्या सफरीच्या चकत्या आल्या आणि मी प्रयोगशाळेत परतलो. आकडा निघाला तेव्हा माझ्या गाईड सरांच्याही आधी मी मावशींना फोन लावला. आकडा अगदी बारीक आहे, कुणाचं लक्षही जाणार नाही, असं म्हणालो.

"अच्छा," त्या म्हणाल्या, "झोप लागते ना आता नीट?"

लागत होती. त्यांच्यामुळेच लागत होती, हे मात्र मला बोलता आलं नाही.