कल्याणीची पेटी आणि माझी पळी

कल्याणी माझी धाकटी जाऊ. तिच्याबद्दल चांगलं बोलायचं म्हटलं की माझ्या पोटात दुखतं, हे आधीच सांगून ठेवते. मागनं कुणी म्हणायला नको, इंद्रायणी आतल्या गाठीची हाय. मी जळते तिच्यावर. लई जळते.

ती या घरात आली तवा वाटलं, बरं झालं, आता भाकरी थापायला दोन हात आले. कशाचं काय! ही आयटीआय शिकलेली, मंचरला गाड्यांच्या वर्कशॉपात कामाला. सकाळी डबा घेऊन स्कूटीवर जाणार, सांजच्याला काळ्या हातांनी येणार. आन् सासू काय म्हणणार? "दमली गं माझी पोर." वीस वर्सं मी चुलीपुढं दमले, मला एकदा कुणी असं म्हणालं न्हाई.

सासूबाईंना आमी आत्याबाई म्हणतो. शिनोलीत आमची दोन घरं, एक माझं, एक कल्याणीचं, मधी एकच भिंत. आत्याबाईंची खाट माझ्याकडं, कारण थोरल्या सुनेचा मान तो. त्यांना दमा. दम लागला की वाफेचं मशीन लावायचं, आन् नेमकी तवाच लाईट जायची. मग मी पदरानं वारा घालत बसायची आन् त्या माझा हात घट्ट धरायच्या. खरं सांगू? मला ते बरं वाटायचं.

दोन वर्सांमागं कल्याणीनं भंगारवाल्याकडनं अपघातात चेपलेल्या इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी आणली. टेम्पोतनं उतरवताना मी दारातच व्हते. म्हटलं, "काय गं, सोनं आणलंस का?"

"बगा की, आक्का," म्हणाली आन् हसली. मला तिचं ते हसणं अजिबात आवडत न्हाई.

आत विटेएवढे सेल निघाले. दर रविवारी ही ओसरीत बसायची. एकेक सेल पुरा भरायचा, मग रिकामा करायचा, किती वेळ टिकला ते मार्करनं त्याच्याच अंगावर लिहायचं. दमदार एका बाजूला, दमलेले दुसऱ्या बाजूला. मी एकदा म्हटलं, "कशाला निवडत बसलीस तांदूळ निवडल्यागत? बांध की सगळे एकत्र."

"न्हाई आक्का. एक जरी दमलेला मधी घुसला ना, तर तो बाकीच्यांना पण खाली ओढतो."

हे ती माझ्याकडं बघूनच बोलली, असं मला वाटलं. आठ दिवस मी तिच्याशी बोलले न्हाई. तिच्या ते ध्यानात पण आलं न्हाई, मेलीच्या.

शेवटी सोळा सेल निवडून तिनं ते एका पेटीत बसवले, वर झाकण लावलं, पत्र्यावरच्या सोलरला जोडले. मी गल्लीतल्या बायांना सांगत फिरले, "फुटंल बघा एक दिस." न्हाई फुटलं. श्रावणात भीमाशंकराकडनं वारा सुटला, भर दुपारी सगळ्या आळीची लाईट गेली, आन् हिचा पंखा गरागरा फिरतोय! आत्याबाईंना दम लागला व्हता. माझा दीर नवनाथ, कल्याणीचा नवरा, आला आन् खाट उचलून त्यांच्या घरात घेऊन गेला. "लाईट आली की आणतो, वहिनी," म्हणाला.

लाईट आली. खाट आली न्हाई.

मग दसरा उजाडला. अवजारांची पूजा आमच्यात थोरली सून करती. कोयता, नांगर, मोटर, मोटारसायकल, सगळ्याला माझ्या हातचं हळदी-कुंकू लागतं. कल्याणी म्हणाली, "आक्का, पेटीला झाकणावरनंच हार घाला हं. आत पाणी न्हाई, धातू न्हाई." अगं, झाकणाची कसली पूजा? आन् मला कोण शिकवतंय? ती नवनाथबरोबर झेंडू आणायला शेतात गेली तशी मी ताम्हन-पळी घेऊन गेले, खिट्ट्या सोडल्या, झाकण उघडलं. कुंकू वाहिलं. पाणी शिंपडायला पळी उचलली, आन् ती ओल्या बोटांतनं सटकली. थेट दोन जाड तारांच्या बोल्टांवर.

केवढा जाळ निघाला! फाटकन आवाज झाला, पळी उडून पायाशी पडली. तिच्या कडेला उंदरानं कुरतडल्यागत खाच. मी झाकण लोटलं आन् मागं फिरले, तर आत आत्याबाई घुसमटल्या. लाईट सकाळपास्नं नव्हती. त्यांचं वाफेचं मशीन पेटीवरच चाललेलं, ते बंद पडलं.

मी पळत जाऊन पदरानं वारा घालाय लागले. त्यांनी माझा हात धरला, पहिल्यासारखाच. हेच तर मला पायजे व्हतं श्रावणापास्नं. आन् आता त्यांच्या छातीची शिट्टी मला ऐकवंना. देवा, म्हटलं, लाव रे त्या कल्याणीची पेटी.

हाका ऐकून ती धावत आली. पंधरा मिनिटांत जळका फ्यूज काढून नवा घातला, मशीन घुरघुरलं. तोवर भावकी गोळा झालेली. माझे मालक, हौशीराम, मोठ्यानं म्हणाले, "भंगार ते भंगारच, राव."

कल्याणीच्या हातात माझी पळी व्हती. तिनं ते कुंकू पाहिलं, मला पाहिलं, आन् पळी गपचूप पदराखाली घेतली. "माझ्याकडनंच झाकण उघडं राहिलं, दादा."

झालं! आता सगळी आळी म्हणणार, किती मोठं मन गं पोरीचं. लाईट तिची, सासू तिची, आन् आता माझी चूक पण तिनंच घ्यायची? मी बरी घेऊ देईन!

"खोटं बोलती ती!" मी वरडले. "मी उघडलं झाकण. पळी माझी हाय. दे इकडं."

आत्याबाईंनी नाकावरचा मास्क काढला. "माहीत हाय मला. पळी देव्हाऱ्यातली हाय, ती काय उडत गेली? बस हितं."

पुढच्या रविवारी कल्याणीनं मधल्या भिंतीला भोक पाडलं, पेटीतनं वायर आणून माझ्या घरात पॉइंट दिला, वर पंखा टांगला. "खाट घेऊन या, आक्का. तुमच्याबिगर त्यांना करमत न्हाई." मला तसं कुणी सांगितलं नव्हतं.

खाट आली. मी तिथंच बसून भाकरी थापते. पाव्हणं आलं की आत्याबाई वर बोट करून सांगतात, "ह्यो पंखा माझ्या कल्याणीचा बरं का." दर पाव्हण्याला सांगतात. मी ऐकून घेते.