मातीचं कडं

परवा नातवाने गॅरेजमधून एक पांढरट पिस्टन आणून दाखवला. "आजी, याले चिनीमातीवानी लेप हाये. आतली आग आतच राह्यते." त्याच्या हाताला डिझेलचा वास होता. त्या वासासरशी मी पिंपळगाव राजाच्या आमच्या मळ्यात जाऊन उभी राहिले.

माझं लग्न नवं, महाराष्ट्र नवा आणि विहिरीवरचं इंजनही नवं. एका दुपारी ह्यांनी हाक मारली, "अवं, कडं आनलं!" सोन्याचं असेल म्हणून मी पदराला हात पुसत धावले. कडं होतं भाजक्या मातीचं, कुंभाराकडून करवून आणलेलं. इंजनाच्या धुराच्या पाइपने खोपीचं गवत पेटू नये म्हणून हे ते कडं पाइपवर चढवत होते, आणि माझ्या हातांत नुसती काच. इंजन सुरू झालं. हे त्या कड्यावरून असा हात फिरवू लागले, की माझा जळफळाट झाला.

"हात तं लावून पाह्य. पोळत नाही."

माह्या सवतीले मी काऊन हात लावू, असं ओठांवर आलं होतं. पण मी निमूट हात लावला. "हाव, गारच हाये."

नातू अजून लेपाचं कौतुक करत होता.

"आग आत ठेवाले लेप कायले लागते, बाबू?" मी म्हटलं. "म्या बिनालेपाचाच सारा संसार केला."