चार गावांचा एकच पालक

आमच्या बाबांचा डोळे उघडे असलेला एकही फोटो घरात नाही. लग्नात हार घालतानाचा घ्या, मतदान कार्डावरचा घ्या, नाहीतर कृषी प्रदर्शनात नव्या ट्रॅक्टरवर बसलेला घ्या. क्लिक झालं की महादेवरावांचे डोळे मिटलेच. आईचं, म्हणजे सुभद्राबाईंचं म्हणणं, "मले बी डोये मिटूनच पसंत केलं यायनं." त्यावर बाबा म्हणतात, "उघडे असते तं?" आणि पुढचा तासभर घरात चहा मिळत नाही.

हे आधी सांगून ठेवतो, कारण माझे भाऊजी अमरावतीच्या अकॅडमीतून बाहेर पडले त्यात या डोळ्यांचा मोठा हात आहे.

कुलदीप भाऊजी म्हणजे माझ्या आकांक्षाताईचे यजमान. मूळ मोर्शीकडचे, घरी संत्र्याची बाग. एम.एस्सी., बी.एड. झाले आणि अमरावतीत अकरावी-बारावीच्या एका मोठ्या अकॅडमीत फिजिक्स शिकवू लागले. अकॅडमीचं नाव लिहीत नाही. तिथे माझे दोन मित्र अजून नोकरीला आहेत आणि त्यातल्या एकाकडे माझी गाडी आहे. भाऊजी शिकवतात असं, की दर्यापूरच्या नगरपरिषद शाळेत सायन्सच्या तासाला खिडकीबाहेर बघण्यात प्रावीण्य मिळवलेल्या मलाही करंट म्हणजे काय ते कळलं. स्वभाव मात्र असा, की हातून चहा सांडला तर कपाला सॉरी म्हणतील. सिलिंडर आणून देणाऱ्यालाही ते "हो सर" म्हणतात.

अशा माणसाचं अकॅडमीत काय होत असेल, ते कळलंच असेल.

तिथले मालक यशोधन सर. ते रोज सकाळी शिक्षकांची मीटिंग घेत, ते स्वतः खुर्चीत आणि बाकी सगळे उभे. ग्रुपवर त्यांचा मेसेज पडला की पाच मिनिटांत अंगठा टाकायचा. सहाव्या मिनिटाला टाकला तर दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये कारण सांगायचं, तेही उभ्यानेच. मुलांसमोर "कुलदीप सर", मुलांची पाठ वळली की "ए कुलदीप". आणि प्रत्येक भाषणाचा शेवट ठरलेला, "आपण सगळे एक फॅमिली आहोत." या फॅमिलीत शिरताना प्रत्येकाने दहावीपासूनच्या मार्कशीट, डिग्र्या, सगळे ओरिजिनल कागद सरांच्या कपाटात जमा करायचे. का, तर तिथे सुरक्षित राहतात.

त्यात मागच्या वर्षीपासून रविवार गेले. पुढच्या वर्षीच्या ॲडमिशन मिळवायला शिक्षकांनी गावोगाव फिरायचं. दर रविवारी एक गाव आणि त्या गावातल्या एका पालकासोबत फोटो. फोटो साधा चालत नाही. ज्यात गावाचं नाव, तारीख, वेळ खाली उमटते तोच पाहिजे, म्हणजे घरी बसून कोणी फसवायला नको.

सुरुवातीला भाऊजी खरंच फिरले. एका गावात एक बाई म्हणाली, "सर, माह्या पोरीले हे फिजिक्स जमन का?" भाऊजींनी तिथेच ओट्यावर बसून त्या पोरीला दीड तास शिकवलं, फोटो काढायचा विसरले आणि परत आले. सोमवारी त्यांना सगळ्यांपुढे विचारण्यात आलं की, समाजसेवा करायची असेल तर पगार कशाला घेतोस?

मग पिंकीचा निबंध आला. पिंकी म्हणजे माझी भाची, तिसरीत आहे. विषय 'माझे बाबा'. तिने लिहिलं होतं, "माझे बाबा सोमवार ते शनिवार शिकवतात. रविवारी ते दुसऱ्या लोकांसोबत फोटो काढायला जातात. आमच्यासोबत त्यांचा फोटो नाही." बाईंनी खाली 'छान' असा शेरा दिला होता. ताईने तो निबंध भाऊजींच्या डब्यात, पोळ्यांच्या वर ठेवून दिला.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा ताई म्हणाली, "अवो, येत्या रविवारी कुठी जानं हाय?"

"मोर्शीकडे."

"मंग आमी बी येतो. मोर्शी काय त्या यशोधनच्या नावावर हाय?"

अशी सुरुवात झाली. आमची जुनी ओम्नी दर्यापूरहून निघायची, तिच्यात आई, बाबा आणि चालक म्हणून मी. एमपीएससीची तयारी करून राहिलो असल्यामुळे माझ्याकडे वेळ भरपूर असतो. अमरावतीहून ताई, भाऊजी, पिंकी बसायचे. मोर्शीला भाऊजींच्या घरच्या बागेत आम्ही संत्री खाल्ली, पिंकी झाडावर चढली, भाऊजी तिला उतरवायला चढले आणि त्यांना उतरवायला शिडी आणावी लागली. इतकं हसताना मी त्यांना लग्नानंतर प्रथमच पाहिलं. निघताना फोटोची आठवण झाली. आता पालक कुठून आणायचा?

बाबा हात पुसत उभे राहिले. "कावून, मी काय पालक नाई? दोन पोट्टे पाळले मी."

क्लिक. खाली उमटलं, मोर्शी. डोळे मिटलेले.

दुसऱ्या रविवारी वलगावला, मावशीकडे. बाबांनी या वेळी टोपी घातली. तिसऱ्या रविवारी बार्शीटाकळी. बाबांनी चष्मा काढला आणि खांद्यावर दुपट्टा घेतला. चौथ्या रविवारी दर्यापूरला आमच्याच शेतात रोडग्यांचा बेत होता. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे गोळे भाजत होते, शेजारी वांग्याची भाजी रटरटत होती, आणि बाबा कानटोपी घालून, फेब्रुवारीच्या उन्हात घाम गाळत, दर्यापूर तालुक्याचे पालक झाले. चारही वेळा फोटो मीच काढले, त्यामुळे गुन्ह्यात माझा वाटा पंचवीस टक्के तरी धरावा.

बार्शीटाकळीचं कारण वेगळं होतं. तिथल्या एका ज्युनिअर कॉलेजात भाऊजींनी अकॅडमीत ताप आल्याचं सांगून एक दिवस शिकवून दाखवलं होतं आणि त्यांची निवड झाली होती. रविवारी सुट्टी असणारं कॉलेज! अकोल्यात घर घ्यायचं, तिथून जाऊन-येऊन करायचं, असं ठरत होतं. फक्त रोडग्यांच्या रविवारनंतरच्या गुरुवारी तिथे ओरिजिनल कागद दाखवायचे होते. नाही दाखवले तर जागा यादीतल्या पुढच्याला.

आणि नेमकं त्याच आठवड्यात, सोमवारी, यशोधन सरांनी 'आमचे पालक, आमचा अभिमान' असा भलामोठा फ्लेक्स छापायला टाकला. रविवारचे सगळे फोटो फ्लेक्सवाल्याकडे गेले. दुपारी त्याचाच फोन आला, "सर, हे चौघं जुळे भाऊ हायेत का? चौघाईचेही डोये मिटेल हायेत."

मंगळवारच्या मीटिंगमध्ये बाबा पडद्यावर आले. पुढचं भाऊजींच्या तोंडून ऐकलेलं.

"कुलदीप, हे कोण?"

"पालक, सर."

"आणि हे?"

"पालक."

"हे टोपीवाले?"

भाऊजी मला म्हणाले, "शेखर, मले हसूच येऊन राहिलं होतं बावा. मामाजी भिंतीएवढे, डोये मिटून. वाटलं, आता सरले आशीर्वादच देतेत."

पण पुढचं हसण्यासारखं नव्हतं. सर म्हणाले, "शनिवारी स्टेजवर उभं राहून सगळ्या मुलांसमोर माफी वाचायची." अकॅडमीत याआधी तिघांनी ती वाचलेली. गणिताचे एक सर वाचता वाचता रडले होते आणि त्याचा व्हिडिओ पोरांच्या मोबाईलवर अजून फिरतो.

भाऊजी म्हणाले, "वाचनार नाई, सर. राजीनामा देतो."

"दे की. तुझे कागद माझ्या कपाटात आहेत, दहावीपासूनचे. आधी माफी, मग कागद. बघू कुठं जातोस."

संध्याकाळी आम्ही सगळे अमरावतीला त्यांच्या घरी जमलो. भाऊजी बराच वेळ पिंकीच्या वहीवर कव्हर घालत बसले होते. मग हळूच म्हणाले, "वाचून टाकू का? पाच मिनिटांचं तं काम हाय. पन शनिवार उजाडेपर्यंत गुरुवार निघून जाते."

ताई म्हणाली, "आनि पिंकीनं तो व्हिडिओ पाह्यला तं? तिच्या पुढच्या निबंधात काय लिवन ते?"

भाऊजींनी कव्हर खाली ठेवलं. "नाई वाचत," म्हणाले. कपाला सॉरी म्हणणाऱ्या माणसाचा तो आवाज नव्हता. आईनेही चमकून पाहिलं. "पन बारावीचा एक धडा राह्यला हाय. पोट्ट्याईची परीक्षा हाय. उद्या सकाळी तेवढा शिकवतो, मंग कागद मागतो. नाई देल्ले तं तिथंच बसतो."

बाबा म्हणाले, "एकटे कावून बसता, जवाईबापू? आमी येतो."

बुधवारी सकाळी दहाला आमची ओम्नी अकॅडमीच्या दारात लागली. भाऊजी वर वर्गात शिकवत होते. खाली रिसेप्शनवर प्रणाली नावाची मुलगी होती. तिने रजिस्टर पुढे केलं, "कोणाला भेटायचंय?"

"कागदाले," बाबा म्हणाले.

"काका, इथे शिक्षकांच्या घरच्यांना बसायची परवानगी नाहीये."

"तुमचे सर तं म्हनतेत, अकॅडमी म्हनजे फॅमिली. मंग फॅमिली आली."

प्रणालीने ओठ दाबून हसू आवरलं आणि पंख्याचं तोंड आमच्या बाजूला फिरवलं. आम्ही सोफा व्यापला. पिंकीने शाळेला दांडी मारून गृहपाठ काढला. अकराच्या सुमारास आईने डबा उघडला, आणि भाजलेल्या रोडग्यांचा, तुपाचा, वांग्याच्या भाजीचा वास त्या काचेच्या हॉलमध्ये असा पसरला की दोन शिक्षक उगाच पाणी प्यायला खाली येऊन गेले. आईने त्यांना उभ्याउभ्या अर्धा-अर्धा रोडगा दिला. "खाऊन घ्या ना बाप्पा, तुमाले बसू तं देत नाई म्हन्तेत."

ॲडमिशनचे दिवस, त्यामुळे चौकशीला पालक येत होते. खरे पालक. अंजनगावकडचं एक जोडपं आमच्याशेजारी बसलं.

"इथलं शिकवनं कसं हाय हो?"

"शिकवनं एक नंबर," बाबा म्हणाले. "फिजिक्स तं माहा जवाईच शिकवते. आज शेवटचा दिवस हाय त्याचा."

"कावून?"

"त्याचे कागद कोंडून ठेवले सरनं."

ती बाई एकदम सरळ बसली. "ओरिजनल? आमच्या पोराचे बी ठेवतीन का मंग?"

हा प्रश्न प्रणालीने इंटरकॉमवरून जसाच्या तसा वर कळवला असावा, कारण दोन मिनिटांत यशोधन सर स्वतः खाली आले. त्याच वेळी तास संपवून भाऊजीही जिना उतरले, हाताला खडू, शर्टाला खडू. त्यांच्यामागे बारावीची दहा-पंधरा पोरं-पोरी.

"कुलदीप सर," सर गोड आवाजात म्हणाले, "हा काय तमाशा? चला, केबिनमध्ये बोलू."

"इथंच बोला, सर."

"दोन ओळी माफीच्या वाचल्या असत्या तर..."

"फोटोतला पालक खोटा होता, ते कबूल हाय. चूक माहीच. तेवढं आता लिहून देतो, सहीनिशी. पन स्टेजवर उभं राहून वाचनार नाई. चार वर्सं रोज सकाळी उभा राह्यलो तुमच्यासमोर, तेवढं बस झालं." एवढं बोलून भाऊजी चक्क सोफ्यावर बसले, आई आणि पिंकीच्या मधोमध. सर उभेच होते. मला वाटतं, त्या इमारतीत हे दृश्य पहिल्यांदाच घडलं असावं.

अंजनगावचे गृहस्थ म्हणाले, "देऊन टाका ना कागद. त्यायचेच तं हायेत."

सरांनी पोरांकडे पाहिलं, जोडप्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. मग प्रणालीकडे किल्ली फेकली. ती फाईल घेऊन आली तेव्हा जिन्यावरून जवळजवळ पळत होती.

भाऊजींनी चुकीबद्दल दोन ओळी लिहिल्या, सही केली. मग एकेक कागद तपासला, घाई न करता. पिंकी मोठ्याने वाचत होती. "दहावी. मराठी... बाबा, तुमाले मराठीत बासष्टच?"

"हळू वाच व," भाऊजी म्हणाले. ते तेवढ्यापुरते लाजले. एम.एस्सी., बी.एड., सगळं होतं.

बाहेर येऊन ताई म्हणाली, "शेखर, फोटो काढ. तोच, गाव उमटते तो." अकॅडमीच्या पाटीखाली सगळे उभे राहिले. भाऊजींच्या छातीशी फाईल, पिंकी त्यांच्या खांद्यावर, आईच्या हातात रिकामा डबा. वर बाल्कनीत यशोधन सर येऊन उभे होते. बाबा त्यांच्याकडेच बघत होते, मान वर करून, टक लावून.

क्लिक. मी फोटो पाहिला आणि आईपुढे धरला. महादेवरावांचे डोळे उघडे होते, चांगले वटारलेले. आई बराच वेळ बघत राहिली. "असे दिसतेत व्हय," म्हणाली.

भाऊजींनी तो फोटो अकॅडमीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "पालक भेट पूर्ण." सवयीने एका मिनिटात सात अंगठे आले. आठवा येईपर्यंत ते ग्रुपमधून बाहेर पडले होते आणि ओम्नीत पुढच्या सीटवर बसून मला विचारत होते, "शेखर, एखादा रोडगा उरला असन का रे?"